विहिरीवरील डिझेल एंजिन : हवेची गाळणी व झडपा

दुष्काळांत विहिरीवर एंजिन बसवून देणाऱ्या दात्यांस व जमीनदारांस विनंती कीं, किंमतीबरोबर निगेचीही तजवीज करावी.

डिझेल एंजिनांत ठिणगी नसते. दट्ट्यानें दाबलेली हवा इतकी तापते कीं, तींत फवारलेलें तेल आपोआप पेट घेतें. एक लिटर डिझेल जळण्यास निदान दहा हजार लिटर हवा लागते. आणि अवर्षणांत ती धुळीनें भरलेली असते. गाळणी चुकवून गेलेली धूळ सिलिंडर व दट्ट्याच्या कड्या झिजविते. मग दाब घटतो, धूर काळा होतो व एंजिन सुरू होण्यास अडतें.

तेलाच्या गाळणींतील तेल गढूळ होतांच बदलावें व खुणेइतकेंच भरावें. कमी भरल्यास धूळ निसटते, अधिक भरल्यास तेंच तेल एंजिनांत ओढलें जातें. कागदी गाळणी धुऊं नये. मुदतीनें नवी घालावी.

झडपेची दांडी व तिजवरील रॉकर यांमधील फट, एंजिन थंड असतां व दाबाच्या फेऱ्याच्या शेवटीं दट्ट्या माथ्यावर आणून, फीलर गेजनें मोजावी. माप कारखान्याच्या पुस्तिकेंतीलच घ्यावें. फट अपुरी असल्यास झडप पुरती बसत नाहीं; आणि धुराची झडप तर बैठकीस टेकूनच निवते, म्हणून ती जळते. फट अधिक असल्यास झडप उशिरां उघडते व टकटक ऐकूं येते.

हा खर्च अल्प आहे. परंतु वैशाखांत एंजिन आठ दिवस बंद पडल्यास माणसें व गुरें दोघांचेंही पाणी तुटतें. यास्तव एंजिनाजवळ चाललेल्या तासांची वही ठेववावी व देणगीच्या कागदांत निगेची रक्कम स्वतंत्र नमूद करावी.