विंचवाचं बिऱ्हाड आणि लंडनचं घड्याळ

११ मार्च २०२४, सोमवार, संध्याकाळचे पाच. बालीतल्या उबुदजवळच्या भाड्याच्या खोलीत मी लॅपटॉप उघडून हात बांधून बसले होते. त्या दिवशी न्येपी होता, बालीच्या हिंदूंचं नववर्ष. गंमत म्हणजे शक आपलाच, १९४६. फक्त आपला पाडवा पुढच्या महिन्यात होता. न्येपीला सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत सगळं बेट मौन पाळतं. विमानतळ बंद, रस्त्यावर यायचं नाही, घरातला उजेड बाहेर दिसता कामा नये. मोबाइलचं इंटरनेटही बंद. माझ्या घरमालकाने वाय-फायसुद्धा बंद ठेवलं होतं. आणि लंडनच्या क्लायंटला त्याच दिवशी तपासून द्यायचं काम माझ्याकडे होतं.

दुसऱ्या दिवशी ‘वीज गेली होती’ असं ठोकून द्यावं, हा मोह झाला. डोंबिवलीकराच्या तोंडी ते शोभलंही असतं, कारण ऑफिसला मी डोंबिवलीतच आहे असं वाटत होतं. पण लॉगिन कुठल्या देशातून झालं याची नोंद त्यांच्याकडे होती. दुपारपर्यंत खातं बंद, संध्याकाळी लेखी समज, आणि ताबडतोब परत या, असा निरोप. तीन महिन्यांसाठी गेलेली मी तीन आठवड्यांत घरी आले. दोन महिन्यांचं आगाऊ भाडं तिथेच राहिलं.

चूक हौसेत नव्हती, हिशेबात होती. २०२० पर्यंत मी डोंबिवली–ठाणे–ऐरोली असा रोजचा प्रवास करायचे. फास्ट लोकलमध्ये चौथी सीट मिळाली तरी दिवस बरा गेला म्हणायचा. मग लोकल बंद झाली, काम घरी आलं आणि घरीच राहिलं. लॅपटॉपच असेल तर तो डोंबिवलीतच का, असं वाटू लागलं. बाली, चियांग माय, क्वालालंपूर, दुबई, तिबिलिसी, लिस्बन अशा सहा ठिकाणांचा तक्ता केला. भाडं, इंटरनेटचा वेग, शाकाहारी जेवण, हवामान, कॉफीचा दरसुद्धा. बाली पहिलं आलं. ज्या गोष्टींनी मला परत पाठवलं, त्यांचा रकानाच तक्त्यात नव्हता. म्हणून आता कुणी विचारलं, की मी हे रकाने आधी भरायला सांगते.

पहिला, ऑफिसची परवानगी. ती लेखी हवी, देशाचं नाव आणि तारखांसह. ‘वर्क फ्रॉम होम’मधलं होम म्हणजे करारात लिहिलेला पत्ता. दुसऱ्या देशात बसून काम केलं की तिथला कर, तिथले कामगार कायदे आणि क्लायंटची माहिती कुठे उघडली गेली, हे तिन्ही प्रश्न कंपनीच्या गळ्यात येतात. मी हे न विचारण्याचं कारण एकच होतं: नाही म्हणतील ही भीती.

दुसरा, व्हिसा. बालीत उतरल्यावर मिळणारा व्हिसा ३० दिवसांचा, एकदाच आणखी ३० दिवस वाढतो. म्हणजे माझा तीन महिन्यांचा बेत कागदावरच चुकला होता. शिवाय तो व्हिसा पर्यटनाचा, काम करण्याचा नव्हे. मुदत उलटली तर दिवसाला दहा लाख रुपिया दंड. घरबसल्या काम करणाऱ्यांसाठी इंडोनेशियाचा वेगळा व्हिसा आहे, पण त्याला वर्षाला ६० हजार डॉलर उत्पन्न दाखवावं लागतं. दुबईला महिन्याला साडेतीन हजार डॉलर. थायलंडने जुलै २०२४ मध्ये पाच वर्षांचा व्हिसा काढला, त्यात एका वेळी १८० दिवस राहता येतं, पण खात्यात पाच लाख बाट हवेत. हे नियम बदलत राहतात, त्यामुळे तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या दूतावासाचं संकेतस्थळ स्वतः वाचा. इन्स्टाग्रामवरच्या रीलला मुदत नसते, व्हिसाला असते.

तिसरा, घड्याळ. हा रकाना मला सर्वांत महाग पडला. हिवाळ्यात लंडनचे नऊ ते साडेपाच म्हणजे डोंबिवलीत दुपारी अडीच ते रात्री अकरा. बालीत तेच संध्याकाळी पाच ते रात्री दीड. समुद्र बघायला गेले आणि सकाळभर झोपून राहिले. चियांग मायला काम रात्री साडेबाराला संपलं असतं, दुबई किंवा तिबिलिसीत साडेनऊला. लिस्बनचं घड्याळ तर लंडनचंच. क्लायंट युरोपचा असेल तर पूर्वेकडचं स्वस्त भाडं तुम्ही झोपेतून फेडता. जाण्याआधी आठवडाभर घरीच त्या वेळात बसून बघा.

चौथा, कर. आर्थिक वर्षात १८२ दिवस किंवा अधिक भारतात राहिलात, तर तुम्ही इथले निवासी, आणि जगभरातलं उत्पन्न इथे करपात्र. दोन-तीन महिने बाहेर राहून कर वाचत नाही. उलट थायलंडमध्ये एका वर्षात १८० दिवस भरले, की तिथलाही करनिवासी होता. डोंबिवलीतल्या तुमच्या सीएला जाण्याआधी भेटा, आल्यावर नव्हे.

आणि तिथलं वर्ष कसं जातं तेही बघा. बालीचा न्येपी मी सांगितलाच. चियांग मायमध्ये फेब्रुवारी ते एप्रिल शेतं आणि जंगलं जाळल्याचा धूर असतो. फोटोतला डोंगर तेव्हा दिसतही नाही. बारीकसारीक दोन गोष्टी: भारतातल्या सिमचं आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून जा, नाहीतर बँकेचा ओटीपी येत नाही, आणि विम्यात भाड्याच्या स्कूटरचा अपघात धरलाय का, ते आधी वाचा.

पुढच्या खेपेला तिबिलिसी माझ्या यादीत वर आहे. परवानगीचा अर्ज ऑफिसात दिला आहे. तो मंजूर होईपर्यंत मी डोंबिवलीत आहे, आणि या वेळी ऑफिसलाही ते खरंच वाटतं आहे.