नोकरी, जोडधंदा आणि एक तप

विद्यार्थिमित्रहो, शिक्षण संपल्यावर आवडीचा उद्योग धरावा की महिन्याच्या महिन्याला पगार देणारी नोकरी पत्करावी, हा प्रश्न आज ना उद्या तुमच्यापुढे उभा राहणार आहे. कित्येक घरांत या प्रश्नावरून वडील आणि मुले यांच्यात अबोलाही धरला जातो. हातात कॅमेरा घेतलेल्या मुलाला वा मुलीला तर “याने पोट भरेल का?” हे हमखास ऐकावे लागते. प्रश्न कठोर असला तरी तो खोटा नाही. ज्या घराचा गाडा एकाच पगारावर चालतो, त्या घराला तो विचारावाच लागतो. परंतु नोकरी आणि छायाचित्रण यांपैकी एकाला सोडल्यावाचून दुसरे धरता येत नाही, ही समजूत मात्र तपासून घेतली पाहिजे. त्यासाठी आम्ही तुम्हांस माळव्यात नेणार आहोत.

धार आणि देवास ही पवारांची गादी असलेली गावे मराठी वाचकांना परकी नाहीत. देवासला तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशी एकाच गावात दोन राज्ये नांदत होती. या दोन गावांच्या मध्ये इंदूर आहे. तेथून धार पश्चिमेस सुमारे ६५ किलोमीटर, तर देवास ईशान्येस सुमारे ३५ किलोमीटर अंतरावर आहे. इंग्रजी अमदानीत मध्य हिंदुस्थान एजन्सीचे ठाणे इंदुरास होते आणि धार, देवास इत्यादी संस्थानांचा कारभार त्या ठाण्याशी जोडलेला होता. याच इंदुरात, सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कचेरीत, १८६६ साली एक तरुण नोकरीस लागला. त्याचे नाव लाला दीनदयाळ.

दीनदयाळांचा जन्म १८४४ साली मीरतजवळच्या सरधना येथे जवाहिऱ्यांच्या कुटुंबात झाला. रुडकीच्या थॉमसन महाविद्यालयात त्यांनी स्थापत्याचे शिक्षण घेतले. इंदुरास त्यांचे काम मुख्य आरेखकाचे आणि अंदाजपत्रके करण्याचे होते, म्हणजे इमारतींचे नकाशे काढावयाचे आणि खर्चाचा हिशेब मांडावयाचा. नोकरीत आठ वर्षे गेल्यावर, १८७४ च्या सुमारास, त्यांनी कॅमेरा हाती घेतला. इंदूरचे महाराज दुसरे तुकोजीराव होळकर आणि एजन्सीचे प्रमुख सर हेन्री डेली यांनी त्यांना उत्तेजन दिले. पुढे १८८२-८३ मध्ये डेली यांच्यामागून आलेले सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर त्यांनी बुंदेलखंडाचा दौरा केला. त्या काळात घेतलेली मध्य हिंदुस्थानातील प्राचीन वास्तूंची छायाचित्रे १८८६ साली ग्रिफिन यांच्या ग्रंथातून प्रसिद्ध झाली. धार संस्थानातील मांडवगडच्या इमारतीही त्यांच्या कॅमेऱ्याने टिपल्या.

आता त्यांनी नोकरी केव्हा सोडली, हे नीट ध्यानात घ्या. आपल्या चित्रांना मागणी येऊ लागताच त्यांनी राजीनामा लिहून टाकला नाही. बुंदेलखंडाच्या दौऱ्यानंतर त्यांनी दोन वर्षांची फर्लो रजा घेतली आणि त्या रजेत छायाचित्रांचा संग्रह पुरा केला. या धंद्यावर निर्वाह होतो अशी खात्री पटल्यावरच ते निवृत्त झाले. १८८५ च्या सुमारास ते हैदराबादच्या सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. १८८६ मध्ये सिकंदराबादेस आणि १८९६ मध्ये मुंबईस त्यांचे स्टुडिओ निघाले. कॅमेरा हाती घेतल्यापासून नोकरीतून मोकळे होईपर्यंत सुमारे एक तप लोटले होते.

या तपात नोकरीने त्यांना केवळ पगार दिला काय? आमच्या मते, तिने आणखी तीन गोष्टी दिल्या. पहिली गोष्ट दृष्टी. जो मनुष्य रोज कमानी, खांब आणि जोती मोजून कागदावर उतरवतो, त्याला इमारतीसमोर कॅमेरा कोठे उभा करावा हे निराळे शिकवावे लागत नाही. दुसरी गोष्ट ओळखी. ज्या वर्तुळात त्यांची नोकरी होती, त्याच वर्तुळातून त्यांना पहिली कामे मिळाली. तिसरी गोष्ट हिशेबाची सवय. अंदाजपत्रक करणारा माणूस काम घेण्यापूर्वी खर्च मांडून पाहतो. कलावंतांपैकी अनेकांचे तारू नेमके या खडकावर आपटते.

त्या काळची साधनेही विचारात घ्या. १८७० च्या दशकात छायाचित्रकार ओल्या काचेवर काम करीत. काचेवर कलोडियन नावाचे चिकट द्रावण पसरावयाचे, ती रौप्यक्षारात बुडवावयाची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावयाचे. लगेच, ती सुकण्यापूर्वी, अंधाऱ्या तंबूत तिच्यावर पुढील क्रिया उरकावयाची. म्हणून काचा, रसायने, पाणी आणि तंबू यांचे ओझे बरोबर न्यावे लागे. १८८० च्या सुमारास तयार कोरड्या काचा सर्रास मिळू लागल्या, आणि दिवसा घेतलेले चित्र रात्री घरी धुणे शक्य झाले. जोडधंदा करणाऱ्याच्या दृष्टीने ही केवढी सोय! आजचा कॅमेरा तर खिशातल्या फोनात आला आहे. साधन सोपे झाले. पण त्यामुळे ते सर्वांनाच सोपे झाले, आणि निवड करणाऱ्या नजरेचे मोल वाढले.

उलट क्रमाचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. दादासाहेब फाळके यांनी प्रथम गोध्रा येथे छायाचित्रणाचा धंदा थाटला. तेथे प्लेगमध्ये पत्नी आणि मूल गमावल्यावर त्यांनी ते गाव सोडले आणि पुढे पुरातत्त्व खात्यात आरेखक व छायाचित्रकार म्हणून नोकरी पत्करली. नंतर तीही सोडून ते मुद्रणाकडे वळले, आणि १९१३ साली त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. संकटात नोकरी धरली म्हणून त्यांच्यातला कलावंत संपला नाही.

आज धार-देवासकडे एखाद्या तरुणाने हा जोडधंदा करावयाचा म्हटले तर? देवासला नोटांचा सरकारी छापखाना आणि अनेक कारखाने आहेत. धार जिल्ह्यात पीथमपूरची औद्योगिक वसाहत आहे. पाळी सांभाळून सुटीच्या दिवशी करता येण्याजोगी कामेही आहेत. लग्ने आहेत, नवरात्रात देवासच्या चामुंडा टेकडीवरची गर्दी आहे, बाग येथील ठसेछपाईच्या कापडांची विक्रीसाठी लागणारी चित्रे आहेत. पावसाळ्यात मांडवगडचे तलाव भरले म्हणजे जहाज महालाचे रूप पाहून घ्यावे! तेथेच होशंगशहाच्या कबरीचा पांढरा संगमरवर आणि शेजारच्या जामा मशिदीचा तांबूस दगड एकाच चित्रात साधण्याचा यत्न करावा. प्रकाशाचा धडा याहून चांगला कोठे मिळणार? मात्र पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूंत तिपाई लावावयाची तर आधी परवानगी काढावी लागते.

आता थोडे गणित. समजा, एका लग्नाच्या कामाचे ८,००० रुपये ठरले. कॅमेरा ६०,००० रुपयांचा असून तो ५ वर्षे टिकेल असे धरले, तर त्याची झीज महिन्याला १,००० रुपये होते. महिन्यात दोन कामे मिळाली तर प्रत्येकी ५०० रुपये पडले. प्रवास ७००, मदतनीस १,०००, छपाई व अल्बम २,८०० असे धरून एकूण खर्च ५,००० रुपये झाला. उरले ३,०००. प्रत्यक्ष लग्नात १० तास आणि नंतर रात्री चित्रे निवडण्यात व सुधारण्यात १० तास गेले असतील, तर तासाला १५० रुपये पडले. “आठ हजार मिळाले” असे म्हणणारा आणि “तासाला दीडशे मिळाले” असे म्हणणारा, यांतला दुसराच धंद्यात टिकेल.

कायद्याचेही भान हवे. केंद्र सरकारच्या नोकरांना १९६४ च्या वर्तणूक नियमांप्रमाणे पूर्वपरवानगीवाचून व्यापारधंदा करता येत नाही. अधूनमधून केलेल्या वाङ्मयीन वा कलाविषयक कामास मुभा आहे, पण कर्तव्यात कसूर होता कामा नये. खासगी नोकरीत करारपत्र वाचून पाहावे. तसेच, १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे, मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून छायाचित्र काढले असेल, तर वेगळा करार नसल्यास त्याचा पहिला हक्क काम देणाऱ्याचा असतो. म्हणून कोणाच्या लग्नातील चित्रे आपल्या जाहिरातीत वापरण्यापूर्वी लेखी संमती घ्यावी.

या साऱ्याहून मोठी एक अट आहे. ज्याचे मीठ खावे त्याच्या वेळेची चोरी करू नये. रात्रभर लग्नात जागून सकाळी यंत्रापुढे पेंगणारा कामगार दोन्हीकडची पत घालवतो, आणि यंत्रापुढे पेंगणे तर जिवावर बेतते. अंगाला झेपतील तेवढीच कामे घ्यावीत; घरच्या माणसांसाठी एखादा रविवार राखून ठेवावा.

दीनदयाळ १९०५ साली निवर्तले. त्यांच्या २,८०० हून अधिक काचपट्ट्या १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेऊन जतन केल्या आणि २००६ साली त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट निघाले. ही कीर्ती प्रत्येकाच्या वाट्याला येईल असे आम्ही म्हणत नाही. परंतु नकाशे काढता काढता शिकलेली नजर, चोख ठेवलेला हिशेब आणि बारा वर्षांचा धीर यांसाठी राजाश्रय लागत नाही. तेव्हा विद्यार्थिमित्रहो, घरी हा विषय निघेल त्या दिवशी वडिलांपुढे हट्ट मांडण्याऐवजी एक वही मांडा. तीत वर्षभरात केलेली कामे, झालेला खर्च आणि उरलेली शिल्लक लिहिलेली असू द्या. ती वाचल्यावर “याने पोट भरेल का?” या प्रश्नाचा विचार तुम्ही दोघे मिळून करू शकाल.