मुलगी म्हणते, नाटकातच पदवी घ्यायची!



माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची आई परवा शाळेत आली. "सर, पोरगी नाटक शिकायचं म्हणते. पुढे पोटापाण्याचं काय?" काळजी खरीच आहे. म्हणून नियोजन आधी करूया.

१) बारावीनंतर : सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाट्यशास्त्राची पदवी घेता येते. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातही नाट्यशास्त्र विभाग आहे.

२) पदवीनंतर : मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स, किंवा दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय (स्थापना १९५९). दिल्लीचा अभ्यासक्रम ३ वर्षांचा असून त्याला कोणत्याही शाखेची पदवी लागते. म्हणजे आधी बी.ए., बी.कॉम. केलं तरी वाट बंद होत नाही!

३) आजपासून : दरमहा एक नाटक वाचा. एकांकिकेत भाग घ्या, पण प्रकाशयोजना, नेपथ्य, रंगभूषाही शिका. नाटकातलं काम फक्त अभिनयाचं नसतं.

त्या ताईंना मी एवढंच म्हटलं, "नाही म्हणण्याआधी तिचा एक प्रयोग बघा." तुम्हीही बघा. मग मुलांसोबत बसून ठरवा.