स्वमग्न बालक : शारीरिक खुणा व शिक्षकाचे कर्तव्य

हाकेला ओ न देणारे, सोबत्यांत न मिसळणारे मूल वर्गात असले, की त्यास हट्टी अथवा मंदबुद्धी ठरविण्याची घाई होते. असे मूल कदाचित स्वमग्न असू शकेल. डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अमेरिकेत अकरा मुलांच्या अभ्यासावरून या अवस्थेचे वर्णन केले. त्यांपैकी पाच मुलांची डोकी काहीशी मोठी व कित्येकांची चाल बेढब असल्याचे त्यांनी नमूद केले होते.

पुढील अभ्यासांत आणखी काही खुणा आढळल्या. काही मुले चवड्यांवर चालतात. काहींचे स्नायू शिथिल, तर सांधे अधिक लवचिक असतात. त्यामुळे पेन्सिल नीट धरवत नाही व अक्षर बिघडते. झोपेच्या तक्रारी, बद्धकोष्ठ व अपस्मार हेही या मुलांत अधिक प्रमाणात दिसतात.

तथापि या खुणा म्हणजे निदान नव्हे. अनेक स्वमग्न मुलांत यांपैकी एकही नसते, आणि त्या असलेली कित्येक मुले स्वमग्न नसतात. चेहऱ्यावरून पारख करणे सर्वस्वी अयोग्य होय. खरी ओळख वर्तनातून पटते : नजरेस नजर न देणे, हवी ती वस्तू बोटाने न दाखविणे, तेच शब्द पुनःपुन्हा उच्चारणे, नित्यक्रम बदलताच अस्वस्थ होणे. म्हसवडच्या रथयात्रेतील वाद्यांच्या गजरात कान घट्ट झाकून रडणारे मूल भित्रेच असेल असे नाही; तो आवाज त्यास खरोखर असह्य होत असेल.

यास्तव शिक्षकाने दोन आठवडे निरीक्षणे तारीखवार लिहावीत. प्रथम श्रवण व दृष्टी तपासून घ्यावी. नंतर ती टिपणे २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकास व तालुक्यातील विशेष शिक्षकास दाखवावीत. माणमधील काही कुटुंबे मेंढ्या घेऊन वा ऊसतोडीस परगावी जातात. पथक येते त्या दिवशी मूल गैरहजर असल्यास त्याचे नाव राहून जाते. ते परतताच पुन्हा कळवावे.

पालकांस दोष देऊ नये. आईच्या मायेच्या अभावी स्वमग्नता येते, ही जुनी समजूत खोटी ठरली आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. निदान होईपर्यंतही वर्गात थांबून राहण्याचे कारण नाही. सूचना थोडक्या शब्दांत द्यावी, दिवसाचा क्रम चित्रांनी दाखवावा व मुलास गोंगाटापासून दूर जागा द्यावी. एवढे प्रत्येक शाळेस साध्य आहे.