घड्याळाची सक्ती

प्रश्न : दक्षिण आफ्रिकेचे चित्रकार आणि चित्रपटकार विल्यम केंट्रिज यांचं वसाहतवादावर एक मोठं मांडणशिल्प आहे, आणि त्यात जिकडेतिकडे घड्याळं आहेत, असं वाचलं. परक्यांनी राज्य तोफांच्या आणि कारकुनांच्या जोरावर केलं, हे समजतं. पण घड्याळाचा त्यात काय संबंध? – एक वाचक, सातारा

उत्तर : संबंध आहे, आणि त्याची झळ खुद्द मुंबईला लागलेली आहे. पण आधी केंट्रिज.

‘द रिफ्यूजल ऑफ टाइम’ हे ते काम. २०१२ साली जर्मनीतल्या कासेलच्या ‘डॉक्युमेंटा’ प्रदर्शनात ते पहिल्यांदा मांडलं गेलं, तेही रेल्वे स्थानकाच्या आवारात. अंधाऱ्या खोलीच्या भिंतींवर पाच चित्रफिती एकदम चालू असतात. सुरुवातीला मेट्रोनोम, म्हणजे लय धरून देणारी यंत्रं, टकटक करू लागतात आणि थोड्याच वेळात ज्याची त्याची लय वेगळी होते. कर्ण्यांतून आवाज येत राहतात. मधोमध एक लाकडी धूड भात्यासारखं वरखाली होत असतं. केंट्रिज त्याला हत्ती म्हणतात.

या भात्याची कल्पना आली पॅरिसहून. १८८० च्या सुमारास तिथे रस्त्यांखालच्या नळ्यांतून दर मिनिटाला हवेचा एक झोत सोडत, आणि त्या धक्क्याने शहरभरच्या घड्याळांचे काटे एकेक घर पुढे सरकत. गंमत अशी, की हवेलाही अंतर कापायला वेळ लागतोच. त्यामुळे लांबचं घड्याळ काही सेकंद मागेच. सगळ्यांना एका वेळेत बांधायचं तर कुठेतरी कुणीतरी भाता मारत बसलेला असतो, आणि तरी ते पुरतं साधत नाही. माझ्या मते या कलाकृतीचा जीव इथे आहे.

पुढे हेच काम तारायंत्राच्या तारांनी केलं. पण सगळ्यांनी वेळ धरायची ती कुठली? १८८४ साली वॉशिंग्टनला पंचवीस देशांचे प्रतिनिधी जमले आणि लंडनचं ग्रिनिच हे जगाच्या रेखांशांचं आणि वेळेचं शून्य ठरलं. फ्रान्स रुसला. १९११ मध्ये त्याने ग्रिनिचची वेळ घेतली खरी, पण कायद्यात लिहिलं काय, तर ‘पॅरिसची वेळ, वजा ९ मिनिटं २१ सेकंद’! ग्रिनिचचं नावसुद्धा नाही. हिंदुस्थान तिथे होता तो ब्रिटनच्या खिशात. त्याला रुसायचीही सोय नव्हती.

म्हणून भांडण झालं ते इथे, मुंबईत. मुंबईची स्वतःची वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे होती. १ जानेवारी १९०६ पासून साडेपाच तासांची प्रमाणवेळ आली आणि घड्याळ एकदम ३९ मिनिटांनी पुढे ढकललं गेलं. साहेबाच्या कचेरीला त्याचं काही वाटलं नसेल. पण ऐन थंडीत पहाटे भोंग्याला धावणाऱ्या गिरणी कामगाराच्या झोपेतली ती ३९ मिनिटं होती. कामगारांनी काम बंद पाडलं, दगडफेकही झाली. महापालिकेने तर मुंबईचीच वेळ धरून ठेवली, आणि ती स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं टिकली.

आता पुन्हा केंट्रिजकडे. ते १९५५ चे, जोहान्सबर्गचे. वडील सिडनी केंट्रिज हे वर्णभेदी राजवटीच्या कोर्टात वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या स्टीव्ह बिकोच्या कुटुंबाच्या बाजूने उभे राहिलेले वकील. मुलगा कोळशाने चित्र काढतो, फोटो घेतो, थोडं पुसतो, पुन्हा काढतो, पुन्हा फोटो. पुसलेल्याचा करडा डाग कागदावर राहतोच आणि पडद्यावरही दिसतो.

एक तक्रार मात्र नोंदवतो. हा इतिहास ठाऊक नसलेल्याला ‘रिफ्यूजल’मध्ये नुसता गलका ऐकू येईल, कलाकृती स्वतःहून फारसं काही समजावत नाही. तीस मिनिटांचा हा खेळ आता न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन आणि सॅन फ्रान्सिस्कोचं आधुनिक कला संग्रहालय यांच्या सामाईक मालकीचा आहे. तितक्या लांब जाणं जमणार नसेल, तर केंट्रिज यांच्या कोळशाच्या छोट्या चित्रफितींपासून सुरुवात करा. पहिली, १९८९ ची, जोहान्सबर्गवरच आहे.