हुकूम एकाचा, मदत सर्वांची
मरुदानल्लूरजवळच्या कुंभकोणममध्ये १६ जुलै २००४ रोजी एका शाळेच्या स्वयंपाकघरातली आग शाकारलेल्या छपराला लागली. ९४ मुले दगावली. अशा वेळी मदतीला सगळेच धावतात. पण हुकूम कोणाचा? राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० साली घटना प्रतिसाद प्रणाली सांगितली. तिची मुख्य तत्त्वे अशी:

१. घटनास्थळी प्रमुख एकच.
२. प्रत्येकाचा वरिष्ठ एकच. एका नायकाच्या हाताखाली ३ ते ५ जण.
३. शेजारच्या गावांतून आलेले बंब व रुग्णवाहिका आधी ठरलेल्या तळावर थांबतात. नोंद होते, मग गरजेप्रमाणे पुढे जातात. नाहीतर अरुंद गल्लीत मदतच मदतीची वाट अडवते.

कॅडेट मित्रांनो, रोजची हजेरी कंटाळवाणी वाटते. पण आगीतून बाहेर पडल्यावर मोजणी झाली, तरच आत कोण राहिले ते कळते.