दुकानाच्या कॉम्प्युटरला छोटा एलसीडी: जोडायचा कसा, विकायचा कसा



व्हिडिओत जोडणी पाहिलीत. इथे ती लिहून देतोय, आणि ग्राहकाला देण्याआधी काय तपासायचं तेही.

आपल्या बिबवेवाडीतून मार्केट यार्डाकडे जाताना किती दुकानं लागतात बघा. बऱ्याच ठिकाणी बिलिंगचा कॉम्प्युटर काउंटरखाली. बॅकअप रात्री आपोआप होतो असं मालक धरून चालतात, पण उघडून कोण बघतंय? हार्ड डिस्क गेली की कळतं, आणि तोवर उधारीचा सगळा हिशेब गेलेला असतो. म्हणून काउंटरवर दोन ओळींचा डिस्प्ले: शेवटचा बॅकअप कधी झाला, बस.

सामान बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाजवळ मिळतं. १६ बाय २ एलसीडी, आर्डुइनो नॅनो आणि डेटा जाणारी यूएसबी केबल (नुसती चार्जिंगची चालत नाही). एलसीडीला १६ पिना असतात, पण मागे आय-टू-सी मॉड्यूल सोल्डर केलेला घेतलात तर चार तारांत काम होतं. व्हीसीसी ५ व्होल्टला, जीएनडी जीएनडीला, एसडीए नॅनोच्या ए४ ला, एससीएल ए५ ला. लाइट लागली पण अक्षरं नाहीत? आधी मागचा छोटा स्क्रू फिरवा, तो कॉन्ट्रास्टचा. वरच्या ओळीत नुसते चौकोनच दिसले तर अ‍ॅड्रेस तपासा. बहुतेकदा हेक्समध्ये २७ असतो, नाहीतर ३एफ. मराठी अक्षरं यात नसतात, मजकूर रोमनमध्येच ठेवा.

कॉम्प्युटरवर पायथॉनची छोटी स्क्रिप्ट दर पाच सेकंदांनी यूएसबीवरून एक ओळ पाठवते. पोर्ट उघडलं की नॅनो रीसेट होतो, म्हणून दोन सेकंद थांबून पहिली ओळ पाठवा.

आता नीट लक्ष द्या. एलसीडीला वीज मिळतेय तोवर शेवटचा मजकूर तसाच राहतो. कॉम्प्युटर हँग झाला तरी डिस्प्लेवर ‘बॅकअप ओके’च! काही कॉम्प्युटर बंद केल्यावरही यूएसबीला वीज चालू असते. असा डिस्प्ले नसलेला परवडला, कारण मालक त्याच्यावर विसंबून राहतो. म्हणून नॅनोच्या प्रोग्रॅममध्ये घाला: १५ सेकंद नवी ओळ आली नाही, तर जुना मजकूर पुसून ‘संपर्क नाही’ दाखव. आणि स्क्रिप्टने बॅकअपचा प्रोग्रॅम चालला का हे बघू नये. पेन ड्राइव्हवरच्या फाइलची तारीख आणि साइज बघावी. शून्य केबीची फाइलसुद्धा फाइलच असते.

देण्याआधी ग्राहकासमोर पेन ड्राइव्ह काढा, मग स्क्रिप्ट बंद करा. दोन्ही वेळा डिस्प्ले बदलला, तरच पैसे मागा.

दराचं म्हणाल तर, समजा सामान ७०० रुपये आणि तुमचे तीन तास, तासाला २५० प्रमाणे ७५०. झाले १४५०. यात डबा, ड्रिलिंग आणि पुन्हा मारावी लागणारी एक चक्कर धरलेली नाही. नवीन पोरं हीच चक्कर विसरतात. ती बिलात वेगळी लिहा, पहिल्याच दिवशी.